प्रागला जाताय? माझे २०० युरो कसे गेले ते वाचा

रस्त्यावरच्या माणसाकडून पैसे बदलून घेऊ नयेत, हे मला माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे "एवढंही कळत नव्हतं का" हा प्रश्न निकालात निघेल. कळत होतं. तरी दिले.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतो. मे २०२५ मध्ये आम्ही चौघं वीकेंडला प्रागला निघालो. ट्रेनने जेमतेम अडीच तास, एल्बे नदीच्या कडेकडेने, मांडीवर एकाच्या आईने पाठवलेली भाकरवडी. डोक्याला ५० युरो कॉन्ट्री काढली आणि खजिनदार मला केलं, का तर 'हा हिशेबाला पक्का'. हे वाक्य नंतर मला चिक्कार ऐकवलं गेलं.

ते २०० युरो मी राखून ठेवले. सकाळी पोचल्यावर नीट बँकेचं एटीएम शोधलं आणि माझ्या कार्डावर १२०० कोरुना (चेक चलन) काढले. मशीन विचारतं, रक्कम युरोत करून देऊ का. नको म्हणायचं, कायम नको, नाहीतर ते स्वतःच्या मनाचा भाव लावतं. बघा, एवढं मला कळत होतं! मशीनमधून एक हजाराची नोट आली, एक दोनशेची. हजाराच्या नोटेवर एक दाढीवाले गृहस्थ होते. पालाच्की, त्यांचे मोठे इतिहासकार. मित्राने गुगल करून वाचून दाखवलं आणि आम्ही 'वा वा' केलं. ही दाढी लक्षात ठेवा.

पहिला दणका दुपारीच बसला होता, पण आम्ही तो हसण्यावारी नेला. जुन्या शहराच्या चौकात निखाऱ्यांवर हॅमचे मोठे गड्डे भाजत होते, धुराचा वास पार गल्लीपर्यंत. पाटीवर ११९ कोरुना. स्वस्त की! दोन प्लेट सांगितल्या. त्याने सपासप कापलं, काट्यावर टाकलं आणि १०२३ मागितले. ११९ च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात '१०० ग्रॅम' लिहिलेलं होतं आणि आमच्या प्लेटांत मिळून ८६० ग्रॅम भरलं होतं. कापून झालेलं मांस परत कसं देणार? तुम्ही घ्याल तेव्हा सुरी लागायच्या आधी 'दोनशे ग्रॅम' म्हणून दोन बोटं दाखवा. दाढीवाले गेले, हातात १७७ कोरुना उरले. हॅम चविष्ट होतं, हे लिहितानासुद्धा जिवावर येतंय.

संध्याकाळी ज्या पबमध्ये स्विच्कोवा (साईच्या सॉसमधलं बीफ) खायची ठरली होती, तिथे फक्त रोख चालणार होती. म्हणून मी चौकाजवळच्या मनी एक्स्चेंजच्या खिडकीपाशी गेलो. तिथला भाव एका युरोला २१ कोरुना. खरा भाव २५ च्या आसपास. मी फोनवर गुणाकार करत उभा असताना मागून आवाज आला, "इथे बदलू नका, हे लुटतात." इस्त्रीचा शर्ट, पन्नाशीचा माणूस, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. म्हणाला, २६ देतो.

बाजारात २५ असताना कोणी २६ का देईल, हा प्रश्न आमच्या सांगलीतल्या भाजीवालीलाही पडला असता. मला नाही पडला. एक तर तो जे बोलत होता ते खरंच होतं, खिडकीतला लुटतच होता. दुसरं म्हणजे चार वाजत आलेले. तिथलं १४१० सालचं घड्याळ दर तासाला वाजतं, बारा प्रेषितांच्या बाहुल्या खिडकीतून फिरतात, आणि बाकीचे तिघं गर्दीतून "अरे ये ना लवकर" म्हणून कोकलत होते. मी २०० युरो दिले. त्याने माझ्यासमोर ५२०० मोजले.

आता तो क्षण. वरची नोट दोनशेची होती, खरी, सकाळच्यासारखीच. तिच्याखाली हजाराच्या पाच. मी त्या मोजल्या. मोजल्या म्हणजे कोपरे उचलून फक्त आकडे बघितले, १०००, १०००. नोटांवर कोणाचाही चेहरा नव्हता, एक इमारत होती. आणि माझ्या डोक्यात काय यावं? 'अरे, हा प्रागचा किल्ला असेल.' दाढीवाले गृहस्थ चार तासांपूर्वी माझ्या या हातात होते! अक्षरंही रशियनसारखी होती, आणि स्टेशनपासून एकही पाटी त्या लिपीत नव्हती. हे सगळं दिसलं. दिसूनही मी नोटा घडी घालून खिशात टाकल्या आणि बाहुल्या बघायला पळालो.

ट्रडेल्निक (दांडीवर भाजलेला गोड पाव) घ्यायला पहिली नोट पुढे केली. गाडीवरच्या मुलीने ती हातातही घेतली नाही. "बेलारूस," म्हणाली, रोज म्हणत असावी तशी. बेलारूसने २०१६ मध्ये चलनातली चार शून्यं उडवली, त्याच्या आधीचे हे रूबल. तेव्हाच्या हिशेबानेही पाचांचे मिळून अर्धा नवा रूबल. आता तेही नाही.

पोलीस चौकीत दोन तास चाळीस मिनिटं बसवलं. आधी दुभाषी नाही. मग दुभाषी फोनवर, पण फॉर्म सापडेना. मग साहेबांनी विचारलं, "तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना?" आणि रस्त्यावर परवान्याशिवाय पैसे बदलणं बेकायदा आहे, हे मलाच समजावून सांगितलं. अहो, बेकायदा आहे म्हणूनच आलोय! चौकात कॅमेरे आहेत म्हटलं, तर खांदे उडवले. दोन महिन्यांनी चेक भाषेत एक पानाचं पत्र आलं. ट्रान्सलेटरमध्ये टाकलं तर, आरोपी अज्ञात, तपास स्थगित. ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांनी तर चौथ्या ईमेलला उत्तर दिलं की पाकीट मारलं असतं तर बघितलं असतं. म्हणजे खिसा कापून घ्यायला हवा होता.

सगळ्यात झोंबलं ते नंतर कळलेलं. परवानाधारक दुकानात बदललं असतं, तर २०१९ पासूनच्या कायद्याने १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. म्हणजे २१ वाल्याकडे फसलो असतो तरी पैसे परत मिळाले असते, पावती मात्र हवी. तिथे पोलिसांचा नंबर १५८ आहे, आणि तो माणूस समोर असतानाच फिरवा, चौकी गाठेपर्यंत तो घरी जेवत असतो.

जर्मन व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड अकाउंटमधून मला महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातच भाडं. कॅफेत भांडी घासायचे २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो मिळायचे. मित्रांचे १५० फेडायचे म्हणजे जवळजवळ बारा तास सिंकपाशी. घरी सांगितलेलं नाही, आईला फक्त घड्याळाचे फोटो पाठवले. पाचपैकी एक नोट रूममेटने फ्रीजवर चिकटवली आहे. खर्च वाटून घ्यायच्या स्प्लिटवाइज अॅपवर त्या खर्चाचं नाव अजून 'बेलारूस ट्रिप' आहे. ९० दिले, ६० राहिलेत.