पन्नाशीत बेसबॉल: कॅम्पला जावं की लीगमध्ये उतरावं?

अमेरिकेत वीसेक वर्षं काढली, मुलांच्या लिटल लीगच्या मॅचला बाकावर बसून बसून आपल्यालाच बेसबॉलची चटक लागली, आणि मुलं कॉलेजला गेल्यावर हात शिवशिवायला लागले, अशी मंडळी आपल्यात बरीच आहेत. त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. एखाद्या मोठ्या टीमचा आठवडाभराचा फॅंटसी कॅम्प, नाहीतर गावातली हौशी लीग. (मोबाइलवर खेळाडू निवडायचा फॅंटसी गेम वेगळा, इथे खरंच मैदानात उतरायचं असतं.) मी दोन्ही करून बसलोय.

या कॅम्पची पद्धत पाडली रँडी हंडलीने. शिकागो कब्ज या टीमचा हा जुना कॅचर, म्हणजे आपल्याकडच्या विकेटकीपरसारखा. 1983 साली ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलमध्ये त्याने आपले 1969 च्या टीममधले सोबती गोळा केले आणि पैसे भरून आलेल्या चाहत्यांना त्यांच्याबरोबर खेळायला दिलं. ती 1969 ची टीम हातातोंडाशी आलेला घास घालवलेली, पण शिकागोवाल्यांचा जीव तिच्यावरच. पुढे बऱ्याच टीमनी हा उद्योग उचलला. कॅम्प बहुधा जानेवारीत असतात, कारण फ्लोरिडा-ॲरिझोनातली सरावाची मैदानं तेव्हा रिकामी असतात. खरे खेळाडू येतात फेब्रुवारीच्या मध्यावर.

पैशाचं आधी बोलू. कॅम्पचा आठवडा पाच हजार डॉलरच्या आसपास, बऱ्याचदा त्याहून वर. म्हणजे आपले चार लाखांच्या पुढे. विमानाचं तिकीट बहुधा वेगळं. लीगची अख्ख्या हंगामाची फी काही शे डॉलर, वर ग्लोव्ह आणि स्पाइक्स. नुसतं खेळायचंच असेल तर इथेच निकाल लागला.

पण कॅम्पचे पैसे मैदानापेक्षा ड्रेसिंग रूमचे असतात. पहिल्या सकाळी आत गेलो तर लॉकरमध्ये जर्सी टांगलेली, पाठीवर देशपांडे. इंग्रजीत नऊ अक्षरं. या काखेपासून त्या काखेपर्यंत पोचलेली. मळलेले कपडे संध्याकाळी तिथेच टाकायचे, सकाळी धुऊन परत लॉकरमध्ये. दिवसाला दोन सामने, प्रत्येकाला बॅटिंग, कोच म्हणून निवृत्त खेळाडू. शिवाय कांगारू कोर्ट, म्हणजे दिवसभरात केलेल्या वेडेपणाची भर सभेत चौकशी आणि किरकोळ दंड. बेसबॉलमध्ये फटका मारला की बॅट टाकून पळायचं असतं. माझा पहिलाच फटका शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फील्डरच्या, डोक्यावरून गेला आणि मी बॅट हातात घट्ट धरून फर्स्ट बेसपर्यंत पळालो. वर तिथे पोचल्यावर वाकून बॅट टेकवलीसुद्धा! दुसऱ्या दिवशी कोर्टात माझं प्रकरण पहिल्या नंबरला होतं.

लीगमध्ये हेच केलंत तर कोणी हसणारही नाही, पुढच्या रविवारी तुमचं नाव फक्त खाली सरकतं. तिथे समोर कॉलेजात खेळलेला अठ्ठावीस वर्षांचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, असू शकतो. म्हणून नाव नोंदवताना वयोगट बघा; पन्नाशीपुढच्यांचे वेगळे गट बऱ्याच ठिकाणी असतात. शिकायला मात्र लीगच बरी, हे उलटं वाटेल. कॅम्पात दिग्गज असतात, पण शिकवणी थोडी आणि किस्से फार. माझी सरळ बॅटने ढकलायची खोड मोडली ती लीगमधल्या एका निवृत्त पोस्टमनने, तीन महिने रविवारी लवकर येऊन.

दुखापतीचं गणित दोन्हीकडे सारखंच, आणि ते आपल्याला चुकीचं पाठ असतं. पिचर फेकतो 60 फूट 6 इंचांवरून, म्हणजे आपल्या 22 यार्डांच्या, 66 फुटांच्या पिचपेक्षा जवळून. आणि क्रिकेटमध्ये क्रीझपासून क्रीझपर्यंत धावायचं 58 फूट. इथे बेसचं अंतर 90 फूट. तेही उभ्या जागेवरून एकदम जीव खाऊन. दुसऱ्या दिवशी दुपारी, सेकंड बेसला वळताना, मांडीमागचा स्नायू असा काही ओढला गेला की पुढचे दोन दिवस मी बर्फाच्या पिशवीवर बसून स्कोअर लिहिला. कॅम्पात निदान फिजिओ आणि त्याचं उपचाराचं टेबल असतं. लीगमध्ये बर्फ आपला आपण न्यायचा.

आता खरा मुद्दा. कॅम्प विकतो ते बालपण. माझ्या शेजारच्या लॉकरचा साठीचा गृहस्थ एका म्हाताऱ्या कोचला बघून रडला. लहानपणी त्या कोचचा फोटो असलेलं बेसबॉल कार्ड उशाखाली ठेवून झोपायचा म्हणे. मी हळूच तिसऱ्याला विचारलं, हे कोण? आपलं बालपण रेडिओला कान लावून गावसकर खेळतोय ना ते ऐकण्यात गेलं. ते फ्लोरिडात विकत मिळत नाही.

म्हणून टीम निवडताना शहर, हवा, हॉटेल नंतर बघा. तुम्ही इथे आलात त्या वर्षांतले कोण कोच म्हणून येणार आहेत ते आधी बघा. 2004 मध्ये बोस्टनच्या रेड सॉक्सने 86 वर्षांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, जिंकली तेव्हा जो नुकताच बोस्टनला आला होता, थंडीत एकटा टीव्हीसमोर बसला होता, त्याने खुशाल रेड सॉक्सच्या कॅम्पला, फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जावं. तिथल्या जेटब्लू पार्कमध्ये फेनवेच्या, म्हणजे बोस्टनमधल्या त्यांच्या घरच्या मैदानाच्या, 37 फुटी हिरव्या भिंतीची जोडभिंत आहे, आणि तिच्यावर आपटून परत आलेला चेंडू पकडायची गंमत त्यालाच कळेल. अशी एकही टीम डोळ्यांपुढे येत नसेल, तर कॅम्प नको.

आणखी एक मधली वाट आहे. ऑक्टोबरात फिनिक्सच्या आसपास एमएसबीएल या हौशी संघटनेची मोठी स्पर्धा असते, वयोगटांप्रमाणे. मोठ्या टीमच्या सरावाची तीच ती मैदानं, पण खर्च कॅम्पच्या मानाने फारच कमी. किस्से सांगणारं कोणी नसतं आणि जर्सी स्वतः धुवावी लागते. लीगचे एक-दोन हंगाम झालेल्याने आधी हे करावं असं माझं मत.

आणि कॅम्पचं नक्की झालंच, तर गणपतीत धावायला सुरुवात करा. दिवाळीनंतर बघू म्हणालात की फराळ आडवा येतो, आणि मग जानेवारीत स्कोअर लिहायला बसावं लागतं.