वजन लेन्समध्ये असते : ओएम-५ काही महिने वापरल्यानंतर

गडकिल्ले, जुनी देवळे आणि पाणपक्षी यांची छायाचित्रे काढत फिरणाऱ्याला मानेवरचा आणि खांद्यावरचा ताण कमी करायचा असेल, तर त्याने बॉडीच्या (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या) आधी लेन्सच्या वजनाकडे पाहावे. ओएम सिस्टीम कंपनीचा ओएम-५ हा मायक्रो फोर थर्ड्स प्रकारचा, म्हणजे लहान सेन्सरचा (सेन्सर म्हणजे चित्र टिपणारा भाग) कॅमेरा गेल्या पावसाळ्यापासून नाशिक परिसरात वापरल्यावर माझे हे मत पक्के झाले आहे. याआधी माझ्याकडे निकॉनचा डी७५० हा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा होता. बॅटरी आणि कार्डासह त्याचे वजन ८४० ग्रॅम, २४-७० मिलिमीटर एफ/२.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश) लेन्सचे ९०० ग्रॅम आणि ७०-२०० एफ/२.८ लेन्सचे १५४० ग्रॅम, म्हणजे एकूण ३२८० ग्रॅम. आता बॅटरी-कार्डासह ओएम-५ हा ४१४ ग्रॅम, १२-४५ एफ/४ लेन्स २५४ ग्रॅम आणि ४०-१५० एफ/४ लेन्स ३८२ ग्रॅम, असे सगळे मिळून १०५० ग्रॅम होतात. मायक्रो फोर थर्ड्समध्ये फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) दुप्पट धरायची असल्यामुळे या दोन लेन्स फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ ते ३०० मिलिमीटरपर्यंतचा पल्ला गाठतात.

मात्र हा सगळा फरक लहान सेन्सरचा नाही आणि खरेदी करण्यापूर्वी ते समजून घेतले पाहिजे. त्याच डी७५०वर २४-१२० एफ/४ ही ७१० ग्रॅमची आणि ७०-२०० एफ/४ ही ८५० ग्रॅमची लेन्स लावली, तर एकूण वजन २४०० ग्रॅमवर येते. बॉडी न बदलता, केवळ एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश सोडून जवळपास ९०० ग्रॅम कमी होतात. ज्यांच्याकडे चांगली फुल फ्रेम बॉडी आधीच आहे, त्यांनी हा मार्ग आधी तपासावा. त्यापुढचे वजन उतरवायचे असेल, तर सेन्सर लहान करण्याला पर्याय राहत नाही आणि त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. १७.३ बाय १३ मिलिमीटरच्या सेन्सरचे क्षेत्रफळ फुल फ्रेमच्या साधारण पाव असल्यामुळे दाणेदारपणात दोन स्टॉपचा फरक पडतो. संध्याकाळी रामकुंडावर गोदावरीची आरती चालू असताना जुन्या संचावर एफ/२.८ला आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पुरत असे. तेथे आता एफ/४मुळे आयएसओ ३२०० ठेवावा लागतो आणि त्या चित्रातील दाणे फुल फ्रेमच्या १२८०० इतके दिसतात. अशा प्रकाशासाठी मी ४५ मिलिमीटर एफ/१.८ ही ११६ ग्रॅमची लेन्स सोबत ठेवते; तिच्यामुळे ही उणीव बरीचशी भरून निघते.

ताणाच्या बाबतीत एकूण वजनाइतकेच महत्त्व ते वजन शरीरापासून किती दूर आणि किती वेळ धरले जाते याला आहे. लांब लेन्स डोळ्याशी धरल्यावर तिचा भार पुढे जातो आणि तो मानेच्या मागच्या, खांद्याच्या वरच्या आणि दंडाच्या स्नायूंना तोलून धरावा लागतो. पूर्वी टेलिलेन्स लावून कॅमेरा उचलताना मी २३८० ग्रॅम धरत असे. आता ते वजन ७९६ ग्रॅम आहे. पिशवीतील वजनापेक्षा हातातील वजनात झालेला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. मानेपासून उजव्या खांद्यापर्यंत दुसऱ्या दिवशीही टिकून राहणारे दुखणे आता अपवादानेच जाणवते.

तरीही हलका कॅमेरा दिवसभर गळ्यात लटकवला, तर त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही. गळ्यातील पट्ट्याचा भार मानेच्या एका अरुंद भागावर येतो आणि चढताना कॅमेरा पुढे-मागे हलत असल्यामुळे मान सतत सावरत राहावी लागते. मी तिरका, एका खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे जाणारा पट्टा सपाट वाटेवर वापरते आणि चढावर कॅमेरा पाठीवरच्या पिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला बसवलेल्या क्लिपमध्ये अडकवते. हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या चढताना दोन्ही हात खोबण्यांत असावे लागतात. तेथे मात्र क्लिपही नको, कॅमेरा पिशवीतच हवा, कारण छातीशी असलेली कोणतीही वस्तू दगडावर आपटते. साल्हेरवर, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ल्यावर (१५६७ मीटर), पाणी आणि जेवण घेऊन जाताना वाचलेले दोन किलो मी पाण्याला दिले. पिशवीला कमरेचा पट्टा असणे आणि तो खरोखर आवळून बांधणे हा उपाय कोणत्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे.

सिन्नरच्या गोंदेश्वराला जाताना आता मी ट्रायपॉड घरीच ठेवते. कंपनीच्या मोजणीनुसार बॉडीतील, हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण साडेसहा स्टॉपपर्यंतचे आहे. प्रत्यक्षात सभामंडपातील खांबांवरचे कोरीवकाम रुंद कोनातून अर्ध्या सेकंदाच्या शटरला, खांबाला पाठ टेकवून, मी भरवशाने काढू शकते. लाइव्ह एनडी या सोयीमुळे चार स्टॉपपर्यंतच्या एनडी (प्रकाश कमी करणाऱ्या) फिल्टरसारखा परिणाम कॅमेऱ्यातच मिळतो, त्यामुळे पावसाळ्यात दुगारवाडीच्या धबधब्याचे मऊ पाणी काढायला फिल्टरचा डबाही लागला नाही. सव्वा-दीड किलोचा ट्रायपॉड वजा झाल्यामुळे झालेला आराम कॅमेरा बदलण्याने झालेल्या आरामाच्या जवळपास जातो.

नांदूर मधमेश्वरचा अनुभव मिश्र आहे. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ आहे आणि हिवाळ्यात येथे ६०० मिलिमीटरची लेन्सही अनेकदा अपुरी वाटते. ७५-३०० मिलिमीटरची, फुल फ्रेमच्या १५०-६००च्या बरोबरीची लेन्स केवळ ४२३ ग्रॅमची आहे. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ट्रायपॉड कॉलरसह २३०० ग्रॅमची आहे. ऊन चांगले असताना, चिखलात स्थिर उभ्या असलेल्या पक्ष्यांची चित्रे हलक्या लेन्समधून समाधानकारक येतात आणि सकाळभर हात दुखत नाही. पहाटे मात्र ३०० मिलिमीटरला एफ/६.७ हे अ‍ॅपर्चर फार कमी प्रकाश देते. पक्षी ओळखून त्यावर फोकस ठेवण्याची सोय याच कंपनीच्या ओएम-१ मध्ये आहे, ओएम-५ मध्ये नाही. त्यामुळे उडणारे पक्षी हाच ज्यांचा मुख्य विषय आहे, त्यांनी हा संच घेऊ नये.

लहान बॉडीमुळे येणारा एक वेगळा ताणही नोंदवला पाहिजे. पकड अरुंद असली की करंगळीला आधार राहत नाही, बाकीची बोटे चिमटीसारखी आवळली जातात आणि तासाभराने तळहात अवघडतो. टेलिलेन्स लावल्यावर हे अधिक जाणवते. खाली जोडायची ग्रिप लावल्यावर हा त्रास थांबला, म्हणून थोडे वजन वाढले तरी मी ती काढत नाही. बॅटरीचेही तसेच आहे: प्रमाणित चाचणीत ओएम-५ची बॅटरी सुमारे ३१० छायाचित्रे चालते, तर डी७५०ची १२३०. दिवसभरासाठी दोन जादा बॅटऱ्या धराव्याच लागतात. पावसाच्या बाबतीत आयपी५३ दर्जाची (धूळ व पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेली) बॉडी आणि दोन्ही एफ/४ लेन्स त्र्यंबकच्या भुरभुरीत निर्धास्त वापरल्या. ७५-३०० लेन्सला मात्र असे संरक्षण नाही, ती झाकावीच लागते.

लग्नसमारंभांची कामे करणाऱ्यांना मी हा बदल सुचवणार नाही, कारण कमी प्रकाशातील कार्यालये आणि मोठ्या छपाया हीच त्यांची रोजची गरज असते. स्वतःच्या आनंदासाठी, पायी फिरून छायाचित्रे काढणाऱ्यांनी आधी पट्टा आणि पिशवी बदलावी, मग ट्रायपॉडशिवाय काम चालते का ते पाहावे, त्यानंतर एफ/४च्या लेन्सचा विचार करावा आणि एवढे करूनही खांदा दुखत असेल तरच बॉडी बदलावी. दुकानात कॅमेरा पाहताना आपण सर्वांत जास्त वापरणार ती लेन्स लावून तो पाच मिनिटे डोळ्याशी धरून उभे राहावे. माहितीपत्रकात बॉडीचे वजन बहुधा लेन्सशिवाय आणि कित्येकदा बॅटरीशिवाय छापलेले असते.