रायझन ५ ५६००जी: जुन्याच बोर्डावर नवा प्रोसेसर, घरच्या डीटीपी मशीनसाठी

आधी थेट सांगते, ज्यांचं घरचं डीटीपीचं (कंप्युटरवर पानं लावण्याचं) मशीन एएमडीच्या एएम४ (प्रोसेसर बसायच्या जागेचा, म्हणजे सॉकेटचा प्रकार) बोर्डावर आहे आणि आता स्लो झालंय त्यांनी अख्खा नवीन सेट घ्यायच्या आधी बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर, आणि गरज असेल तर रॅम आणि डिस्क, बदलायचा विचार जरूर करावा. मी केला, जुना प्रोसेसर काढून एएमडीचाच रायझन ५ ५६००जी टाकला, गणपतीपासून दिवाळीपर्यंत अंकांचं सगळं काम त्याच्यावर काढलं, आणि मनापासून खूश आहे म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं आधीचं मशीन म्हणजे रायझन ३ २२००जी प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि साधी हार्ड डिस्क. २२००जी हा २०१८ चा प्रोसेसर, ४ कोर (काम करणारे भाग) ४ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं त्याने व्यवस्थित साथ दिली. पण आता इनडिझाइनमध्ये जाडजूड दिवाळी अंक, बाजूला फोटोशॉप, जाहिरातींसाठी कोरल, आणि ह्या सगळ्यावर क्रोममध्ये व्हॉट्सअॅप वेब सतत उघडं, कारण लेखक मंडळी फोटो आणि करेक्शन सगळं तिथेच पाठवतात. पान पलटलं की थांबा, पीडीएफ काढायला लावली की बाकी काही हात लावू नका, असं चाललं होतं.

पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारलं तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर, ताई ह्यात आता काही राम नाही, नवीन सेट घेऊन टाका. आणि नवीन सेट म्हणजे बोर्ड नवीन, प्रोसेसर नवीन, आणि एएम४ नंतरचा, आत्ताचा एएम५ सॉकेट घेतला तर रॅमसुद्धा डीडीआर५च लागते, डीडीआर४ त्यात बसतच नाही, म्हणजे जुन्यातलं जवळजवळ काहीच कामाला येत नाही. गेल्या काही महिन्यांत रॅमचे भाव कसे चढलेत ते ज्यांनी चौकशी केलीय त्यांना माहिती आहे.

पण मला पैशापेक्षा जास्त काळजी होती ती सेटअपची. डीटीपीवाल्यांना हे लगेच कळेल. जुनी श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), जुने फॉन्ट, वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकांच्या फाइल्स ज्या युनिकोडमध्ये नाहीतच, हे सगळं नवीन मशीनवर जसंच्या तसं उभं करणं म्हणजे आठवडा जातो आणि एखाद्या फॉन्टचं व्हर्जन इकडचं तिकडे झालं की छपाईला जायच्या आदल्या दिवशी जोडाक्षरं फुटलेली दिसतात. विंडोजचं लायसन्सही मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. बोर्ड तोच ठेवला तर ह्यातलं काहीही हलवावं लागत नाही, आणि माझ्या मते घरून काम करणाऱ्यांसाठी हाच सगळ्यात मोठा फायदा आहे, बेंचमार्कचे (वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे) आकडे त्यानंतर.

शेवटी बुधवार पेठेतल्या एका छोट्या दुकानात दादांनी माल दाखवायच्या आधी प्रश्न विचारले. कोणती सॉफ्टवेअर वापरता, ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का, बोर्डाचा मॉडेल नंबर काय, आणि घरी जाऊन काम चालू असताना टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये कशावर किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी) उघडून फोटो पाठवा म्हणाले. हे प्रत्येकाने करावं असं माझं ठाम मत आहे, फुकट आहे आणि खर्च कुठे करायचा ते तिथेच कळतं. माझ्याकडे काही उघडताना, सेव्ह करताना डिस्क १०० टक्के, मेमरी कायम भरलेली, आणि पीडीएफ काढताना प्रोसेसरही १०० टक्के. म्हणजे तिन्हीकडे अडचण. नुसता प्रोसेसर टाकून हार्ड डिस्क तशीच ठेवली असती तर मशीन उघडताना तेवढंच रखडलं असतं. तुमच्याकडे फक्त डिस्कच १०० दाखवत असेल तर प्रोसेसरला हातच लावू नका, आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) टाका.

आता प्रोसेसर कुठला. इथे नावातल्या एका अक्षरावर सगळं आहे. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी दोन्ही ६ कोर १२ थ्रेड, दोन्ही ६५ वॉट, दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातात. पण साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. उलट ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी) १६ एमबी, साध्यात ३२. गेम खेळणाऱ्यांना कार्ड लावल्यावर हा फरक जाणवतो, माझ्यासारखीला नाही. माझ्या २२००जी मध्ये कॅश अवघी ४ एमबी होती म्हणजे मला तरी चौपट झाली. इंटेलवाल्यांनीही लक्षात ठेवा, आय५ १२४०० मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफ मध्ये नाही, आणि भाव थोडा कमी दिसला म्हणून एफ उचलून आणणारे बरेच असतात.

आठ कोरचा ५७००जी घ्यावा का असंही मनात आलं होतं. पण कोरल, इनडिझाइन ही सॉफ्टवेअर बऱ्याच कामात एखाद-दुसराच कोर पळवतात, तिथे एकेका कोरचा वेग महत्त्वाचा, आणि तो ५६००जी मध्ये जवळपास तेवढाच आहे. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करत असाल तर मात्र आठ कोरचा उपयोग होतो.

रॅम घेताना १६ ची एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन घेतल्या, ३२०० स्पीडच्या, कारण ह्यातलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्यामुळे रॅममधूनच घेतं आणि दोन स्टिक असल्या की रॅमपर्यंतचा रस्ता दुपदरी होतो. बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या, बोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका नाहीतर ३२०० ची रॅम २४०० नाहीतर २६६६ वरच चालत राहते. विंडोजमध्ये १६ पेक्षा थोडी कमी दिसली तर घाबरू नका, ती ग्राफिक्सने घेतलेली असते. एसएसडी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान) जेन३ची, म्हणजे तिसऱ्या पिढीची, घेतली, जेन४ची महागडी घेण्यात अर्थ नव्हता कारण बी४५० आणि ५६००जी दोघंही जेन३पर्यंतच जातात. जुन्या डिस्कची एसएसडीवर क्लोन कॉपी केली, त्यामुळे फॉन्टसकट सगळं जागच्या जागी, आणि जुनी डिस्क आता बॅकअपला.

बसवणं भाच्याला हाताशी घेऊन घरीच केलं. सगळ्यात आधी बायोस अपडेट, आणि ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच, कारण जुन्या बायोसला नवीन प्रोसेसर ओळखताच येत नाही. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी असते, तुमच्या बोर्डाला कुठल्या व्हर्जनपासून चालतो ते त्यात बघा. हे यूपीएसवरच करा, अर्धवट असताना लाइट गेली तर बोर्ड जाऊ शकतो, म्हणून पुण्यात तरी गुरुवार टाळाच, त्या दिवशी दुरुस्तीसाठी बरेचदा लाइट जाते. मग कूलर काढताना थेट वर ओढायचा नाही, आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं आणि बंद करून, प्लग काढून कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, एएम४ मध्ये पिना प्रोसेसरलाच असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. नवीन प्रोसेसर टाकून पहिल्यांदा चालू केलं की एफटीपीएम (प्रोसेसरमधला, कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा सुरक्षेचा भाग) रीसेट करू का असं स्क्रीनवर विचारतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा, ती नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला उघडता येणार नाही.

काम आता कसं चालतंय? पीडीएफ निघत असताना मी दुसऱ्या अंकाची पानं लावत बसते. फोटोशॉप उघडं ठेवून कोरलमध्ये गेलं तरी अडत नाही. सोबत आलेला रेथ स्टेल्थ कूलर एरवी शांत असतो, मोठ्या एक्स्पोर्टला मात्र आवाज करतो, रात्री खोलीत कोणी झोपलेलं असेल तर जाणवतो. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) तोच जुना ठेवला, आधीचाही प्रोसेसर ६५ वॉटचाच होता.

नवीन मशीन पहिल्यापासून जुळवत असाल तर मात्र हा प्रोसेसर मी सुचवणार नाही, २०२१ चा आहे आणि एएम४ मध्ये ह्यापुढे फार जायला जागा नाही. आणि घेताना सीलबंद बॉक्स पॅकच घ्या, जीएसटी बिलासकट, त्याला एएमडीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो पण त्याला कंपनीची वॉरंटी नाही, दुकानदार देईल तेवढीच.