एपीए सातवी आवृत्ती आणि झोटेरो: चौदा महिन्यांच्या वापरानंतर, नऊ पाटलांसह

माझा पेपर जर्नलकडून परत आला त्याला चौदा महिने झाले. आत काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नव्हतं. मेलमध्ये दोनच ओळी होत्या. पहिली: संदर्भ एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखन-नियमांच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे नाहीत, दुरुस्त करून पाठवा. दुसरी: मजकुरातला ‘पाटील, २०१६’ यादीतला नेमका कोणता, ते कळत नाही.

पहिल्या ओळीचा राग आला. दुसरी मात्र मनाला लागली, कारण ती खरी होती. माझ्या यादीत ६४ संदर्भ, त्यात नऊ पाटील, आणि त्यातले तीन २०१६चे.

मी शहाद्याला बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारी पहिली-दुसरीची मुलं इंग्रजी वाचायला कशी शिकतात, हा माझा पीएच.डी.चा विषय. खान्देशातल्या शाळांवर काम करायचं म्हटलं की संदर्भांत पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे येणारच. एपीएची लेखक-वर्ष पद्धत (मजकुरात आडनाव आणि वर्ष, शेवटी पूर्ण यादी) इथं सविस्तर सांगत बसत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्यापायी रात्री जागवल्या असतील.

आधी पैशांचं सांगते, कारण तिथं मी फसले. पुण्याला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मला एपीएचं मॅन्युअल ४०० रुपयांना मिळालं होतं. ती सहावी आवृत्ती, २००९ची. सातवी ऑक्टोबर २०१९मध्येच आलेली आहे, हे मी तपासलं नाही. दिवाळीची सगळी सुट्टी सहावी पाठ करण्यात घालवली. प्रकाशकाचं गाव लिहायचं, म्हणून भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सनच्या १९०७च्या खंडापुढं ‘कलकत्ता’ टाकलं. तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात सगळ्यांची नावं लिहिली. वेबसाइटच्या पत्त्याआधी दरवेळी ‘रिट्रीव्हड फ्रॉम’ लिहिलं. सातव्या आवृत्तीत या तिन्ही गोष्टी गेल्या. गाव लिहायचं नाही, तीन किंवा जास्त लेखक असतील तर पहिल्या उल्लेखापासूनच ‘एट अल’ (म्हणजे ‘आणि इतर’), आणि पत्त्याआधी सहसा काहीच नाही. म्हणजे मी केलेली मेहनतच माझ्या चुका ठरल्या.

मग सातवी विकत घेतली, स्पायरल बांधणीची. टेबलावर उघडी राहते, हे त्या बांधणीचं मोठं सुख. पण घेऊन झाल्यावर कळलं की एपीएच्या स्वतःच्या वेबसाइटवर रोज लागणारे बरेचसे नियम नमुन्यांसह फुकट आहेत. एम.एड.च्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी ती वेबसाइट महिनाभर वापरा. पुस्तक कॉलेजच्या लायब्ररीला घ्यायला लावा. जुनी आवृत्ती मात्र दहा रुपयांना मिळाली तरी घेऊ नका.

आता पाटील.

नियम सोपा आहे. दोन वेगळ्या लेखकांचं आडनाव एक आणि आद्याक्षरं वेगळी असतील, तर मजकुरात प्रत्येक वेळी आद्याक्षरं द्यायची, वर्ष वेगळं असलं तरीही. ‘एम. बी. पाटील, २०१६’ आणि ‘एस. आर. पाटील, २०१६’. आडनाव क्वचितच जुळत असेल तिथं हा नियम वर्षातून एकदा लागत असेल. माझ्या दुसऱ्या प्रकरणात तो ३८ ठिकाणी लागला. वाक्यं जड होतात, पण वाचणारा योग्य माणसापर्यंत पोचतो, म्हणून याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पायरीवर आहे. माझ्याकडे एस. आर. पाटील दोन आहेत, दोघांचंही लेखन २०१६चं. एक चोपडा तालुक्यातल्या शाळांवर लिहितात, दुसरे धुळ्याच्या शिक्षक-प्रशिक्षणावर. आडनाव आणि आद्याक्षरं दोन्ही सारखी असतील तर मॅन्युअल म्हणतं, नेहमीच्या लेखक-वर्ष पद्धतीनंच द्या. झोटेरो, म्हणजे संदर्भ साठवून यादी आपोआप बनवणारा प्रोग्रॅम, या दोघांना एकच माणूस धरतो आणि वर्षापुढं ए आणि बी लावून मोकळा होतो. वाचणाऱ्याला वाटणार, एकाच विद्वानानं एका वर्षात दोन अभ्यास केले. दोन माणसांची दहा-दहा वर्षांची मेहनत एका नावाखाली जाते, आणि हे मला आजही सहन होत नाही. यावर मी शोधलेला उपाय मॅन्युअलमधला नाही, पण नियम मोडतही नाही. वाक्यातच ओळख लिहिते: ‘चोपडा तालुक्यातल्या शाळांचा अभ्यास करणारे एस. आर. पाटील’. चार शब्द वाढतात. वाढू देत.

त्याहून मोठा घोटाळा नावांच्या क्रमाचा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. प्रबंधाच्या मुखपृष्ठावरही बरेच जण तसंच लिहितात. ऑनलाइन संग्रहातून अशी नोंद झोटेरोत ओढली आणि आडनावानंतर स्वल्पविराम नसला, तर शेवटचा शब्द आडनाव ठरतो. म्हणजे वडिलांचं नाव आडनाव होतं आणि पाटील हे नुसतं ‘पी.’ होऊन मागं जातं. समजा कुणाच्या वडिलांचं नाव सुभाष, तर ते संशोधक यादीत ‘स’च्या खाली ‘सुभाष’ म्हणून जाऊन बसतात. माझ्या यादीत असे पाच जण निघाले. नऊ पाटील मी सांगते ते ही दुरुस्ती झाल्यानंतरचे. आधी सहाच दिसत होते. तिघं वडिलांच्या नावाखाली गेले होते. उरलेले दोन चौधरी.

इथं झोटेरोबद्दलचं माझं मत बदललं, ते नीट सांगते. पहिले दीड महिने मी त्याला दोष देत होते. यादीत सोनवणे एकच, तरी मजकुरात तो त्यांची आद्याक्षरं घालत होता. मी ती हातानं पुसायची, फाइल ताजी केली की पुन्हा उगवायची. एप्रिलमध्ये, शहाद्यात दुपारी खोलीत बसवत नाही अशा दिवसांत, मी पहाटे उठून एकेक नोंद उघडली तेव्हा कारण सापडलं. त्याच सोनवण्यांची एक नोंद पूर्ण नावानं होती, दुसरी नुसत्या आद्याक्षरांनी. झोटेरोच्या लेखी ते दोन वेगळे सोनवणे होते, आणि दोघांत गोंधळ नको म्हणून तो इमानदारीनं नियम पाळत होता. नियम त्याला माझ्याहून चांगला येत होता. त्याला चुकीची माहिती मी दिली होती.

तेव्हापासून नोंद आत आली की सगळ्यात आधी नाव तपासते. मूळ पेपरचं पहिलं पान उघडायचं, आडनावाच्या चौकटीत आडनाव, नावाच्या चौकटीत स्वतःचं आणि वडिलांचं नाव पूर्ण. आद्याक्षरं झोटेरो स्वतः करतो. उलटं आलं असेल तर नावावर उजवं क्लिक करून अदलाबदल होते, पुन्हा टाइप करावं लागत नाही. पेपरच्या शीर्षकातली कॅपिटल अक्षरंही अशीच उजव्या क्लिकनं खाली आणता येतात. ते फार लागतं, कारण यादीत लेखाचं शीर्षक वाक्यासारखं लिहायचं, पण जर्नलच्या नावात मुख्य शब्द कॅपिटल ठेवायचे.

झोटेरो फुकट आहे, पण ढगातली (क्लाउडवरची) जागा ३०० एमबीच फुकट मिळते, आणि जुन्या ग्रंथांचे स्कॅन ती बघता बघता खातात. पैसे भरू नका. फाइलींचं सिंक बंद करा, नुसत्या नोंदींचं चालू ठेवा. नोंदींना मर्यादा नाही. पीडीएफ मी पेनड्राइव्हवर ठेवते, दोन प्रतींत.

बाकी नियमांबद्दल थोडक्यात. पानांच्या क्रमांकांमध्ये छोटी रेघ नाही, एन डॅश (थोडी लांब रेघ) लागतो. झोटेरो तो स्वतः टाकतो. पी-व्हॅल्यू या संभाव्यतेच्या आकड्यात दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचं नाही, कारण ती संख्या एकाच्या वर जाऊच शकत नाही. हा नियम मला कारणासकट आवडला. आकड्यांचे स्वल्पविराम मात्र महिनाभर चुकत होते. २०११च्या जनगणनेतली खान्देशी भाषकांची संख्या आपण १८,६०,२३६ लिहितो, तिथं तीन-तीन अंकांचे गट करून १,८६०,२३६ लिहावं लागतं. लाखाची सवय असलेल्या डोळ्याला ते कितीतरी वेळ एक लाखच वाटतं. मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत, पुढं चौकटी कंसात इंग्रजी अर्थ. यात ‘आखाजी’ (खान्देशातली अक्षय तृतीया) हा एकच शब्द मी तीन स्पेलिंगांनी लिहिला होता. आता वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी ठेवली आहे, एकदा ठरलेलं स्पेलिंग बदलायचं नाही.

‘आय’चा वाद मात्र थोडा लांबला. एपीए म्हणतं, स्वतः केलेल्या कामाबद्दल ‘मी’ म्हणा. स्वतःला ‘द रिसर्चर’ म्हटलं तर वाचणाऱ्याला दुसराच कुणी संशोधक वाटू शकतो. आमच्या गाइड सरांनी प्रत्येक ‘आय’वर लाल गोल केला. मी मॅन्युअलचं पान उघडून समोर ठेवलं. सरांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “पेपरमध्ये तुमचं ठेवा. प्रबंध आपल्या पद्धतीनं जाऊ द्या.” तसंच केलं. सरांनी पान वाचून घेतलं, यातच मला आनंद होता.

माझ्याच नावाचंही सांगायला हवं. लग्नाआधीचा पेपर माहेरच्या आडनावानं, मधलं आद्याक्षर वडिलांचं. नंतरचे सासरच्या आडनावानं, मधलं अक्षर नवऱ्याचं. नियम असा की प्रकाशित लेखनावर नाव जसं छापलंय तसंच द्यायचं. ते बरोबरच आहे, पण त्यामुळं मी दोन बायका झाले आणि दोघींत काही नातं दिसत नाही. यावर उपाय ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक. २०१२पासून सुरू आहे, फुकट आहे, सोळा अंकी क्रमांक, आडनाव बदललं तरी तोच. वीस मिनिटांत झालं. पाटील, चौधरी, महाजन आडनावाच्या प्रत्येक संशोधकानं तो पहिला पेपर पाठवायच्या आधी काढावा.

सगळ्यात जास्त देणारा भाग मी पुस्तकात शेवटी वाचला. लेखी नसलेल्या ज्ञानाचा.

माझ्या चौथ्या प्रकरणात आखाजीची गाणी आहेत. शेजारच्या मावशींनी ती मला म्हणून दाखवली, अक्षय तृतीयेच्या आधी दोन संध्याकाळी, ओट्यावर बसून. पहिलीच्या मुलांना तो ताल घरचा असतो, आणि त्या तालावर इंग्रजी शब्द धरले की ते लवकर बसतात, असा माझा मुद्दा आहे. नियमाप्रमाणे असं तोंडी मिळालेलं ज्ञान ‘व्यक्तिगत संवाद’ म्हणून मजकुरात द्यायचं, नाव आणि तारखेसह. यादीत द्यायचं नाही, कारण वाचणाऱ्याला ते उघडून बघता येत नाही. धडगावच्या पावरी आजींनी मोजणीचं गाणं सांगितलं, त्यांच्यासारख्या आदिवासींच्या ज्ञानासाठी सातव्या आवृत्तीत वेगळी सूचना आहे: पूर्ण नाव, समाज, गाव, तारीख, आणि नाव छापायला व हे ज्ञान बाहेर सांगायला त्यांची संमती. संमतीचा मुद्दा वाचला आणि मी पुन्हा धडगावला गेले. आजींनी नाव द्यायला होकार दिला, पण एक कडवं वगळायला सांगितलं. ते वगळलं.

मावशींना मी प्रकरणाची छापील प्रत दाखवायला नेली. मजकुरातली ओळ वाचून दाखवली, त्या खूश झाल्या. मग त्यांनी शेवटची पानं उलटली. अक्षरं ओळखण्याइतकं इंग्रजी त्यांना येतं. एवढी नावं ओळीनं लावलेली बघून त्यांनी विचारलं, “मन्हं नाव कोठे शे?”

मी नियम सांगितला. सांगताना मला तो पटतही होता आणि बोचतही होता. ग्रिअर्सननं भिल्ल भाषांच्या खंडात खान्देशीचे नमुने छापले, म्हणून तो यादीत. ज्यांच्या तोंडून ही बोली मी शिकले, त्या यादीबाहेर.

त्या रात्री तो भाग पुन्हा वाचला. अडचण गाणं तोंडी असण्याची नाहीच. वाचणाऱ्याला ते परत मिळवता येत नाही, एवढीच अडचण आहे. ध्वनिमुद्रण असेल आणि ते कुठं तरी ठेवलेलं असेल, तर त्याचा रीतसर संदर्भ देता येतो. पुढच्या आठवड्यात मावशींच्या संमतीनं चारही गाणी नीट रेकॉर्ड केली, अहिराणी शब्द आणि मराठी अर्थ टाइप करून जोडले, आणि कॉलेजच्या लायब्ररीत दाखल केली. ग्रंथपालांनी दाखल क्रमांक दिला. आता संदर्भात लेखक म्हणून मावशी, वर्ष, गाण्यांचं रोमन लिपीतलं नाव, चौकटी कंसात इंग्रजी अर्थ, मग ‘ऑडिओ रेकॉर्डिंग’ आणि लायब्ररीचं नाव.

परवा झोटेरोत ती नोंद भरली. आडनावाच्या चौकटीत मावशींचं आडनाव टाइप केलं, फाइल ताजी केली, आणि यादीतले पाटील दहा झाले. आद्याक्षरं कुणाशीच जुळत नाहीत, हे तपासलं आहे.