आयईएल्टीएस की पीटीई? वाचन-लेखनात तुमची चूक कुठे होते, ते आधी बघा

परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावर आयईएल्टीएस ॲकॅडमिक आणि पीटीई ॲकॅडमिक या इंग्रजीच्या दोन्ही परीक्षांचे किमान गुण बहुधा शेजारीशेजारी छापलेले असतात. ते बघून 'सोपी कुठली?' असं विचारणाऱ्याला नेमकं उत्तर देता येत नाही. दोन्ही परीक्षा वेगवेगळ्या चुकांवर गुण कापतात. एकूण गुणांखाली बारीक अक्षरांत प्रत्येक विभागाची किमान अट असते, तीही वाचा. एकूण ६.५ असताना लेखनात अर्धा बँड (आयईएल्टीएसचा गुण) कमी पडला म्हणून प्रवेश अडू शकतो.

वाचन

आयईएल्टीएसमध्ये ६० मिनिटांत तीन मोठे उतारे आणि ४० प्रश्न असतात. उत्तरं उतरवून घ्यायला वेगळा वेळ मिळत नाही. साधारण २३ बरोबर आले तर ६ बँड आणि ३० आले तर ७. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका. सगळ्यात मोठी सोय म्हणजे तासाभरात कुठल्याही उताऱ्यावर मागे-पुढे जाता येतं. तिसरा उतारा बहुधा सर्वांत जड असतो, म्हणून प्रत्येकाला सारखी २० मिनिटं न देता १७, २० आणि २३ अशी वाटणी करा.

उताऱ्यावरून विधान तपासायच्या प्रश्नांत घात होतो तो 'फॉल्स' (चूक) आणि 'नॉट गिव्हन' (उल्लेखच नाही) यांच्या गोंधळात. समजा, उताऱ्यात पूल १८९० मध्ये पूर्ण झाला असं लिहिलंय. विधानात १८९५ असेल तर ते फॉल्स, कारण उतारा त्याला खोटं पाडतो. 'पूल ठरलेल्या खर्चात झाला' असं विधान असेल आणि खर्चाचा उल्लेखच नसेल, तर नॉट गिव्हन. आपल्याला विषयाची माहिती असली की हात हमखास चुकीच्या पर्यायाकडे जातो. दुसरी गळती शब्दमर्यादेची: 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं सांगितल्यावर तीन लिहिले की अचूक उत्तराचाही गुण गेला. स्पेलिंग किंवा अनेकवचनाचा 'एस' चुकला तरी तेच.

पीटीईचे उतारे लहान असतात आणि वाचनाचा भाग जेमतेम अर्ध्या तासात संपतो. मात्र 'नेक्स्ट' दाबलं की परत येता येत नाही. गुणांचा मोठा वाटा रिकाम्या जागांमध्ये आहे. तिथे उताऱ्याचा अर्थ समजून भागत नाही. कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द बसतो हे कानाला माहीत हवं. 'मेक' की 'डू', 'इन' की 'ऑन', यावरच एकेक गुण ठरतो.

वेळ कुठे बुडतो तेही ठरलेलं आहे. एकापेक्षा जास्त बरोबर पर्यायांच्या प्रश्नात चुकीचा पर्याय निवडला की मिळवलेला गुण वजा होतो. तरी लोक त्यात चार-चार मिनिटं घालवतात आणि पुढे शब्द ओढून बसवायच्या रिकाम्या जागा, जिथे खरे गुण आहेत, तशाच राहतात. अशा प्रश्नाला दोन मिनिटं द्या, खात्रीचा पर्याय निवडा आणि पुढे चला. वाक्यांचा क्रम लावताना लागोपाठची प्रत्येक बरोबर जोडी गुण देते. म्हणून सगळा क्रम जुळत नसला तरी 'धिस' किंवा 'दीज'ने सुरू होणारं वाक्य ज्या वाक्यानंतर बसतं ते शोधा.

लेखन

खरा निर्णय इथे होतो. आयईएल्टीएसमध्ये ६० मिनिटांत दोन कामं: आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेचं किमान १५० शब्दांत वर्णन आणि किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचं वजन दुप्पट असल्याने त्याला ४० मिनिटं राखून ठेवा. पहिल्या कामात सगळे आकडे ओळीने लिहून काढले, पण एकंदर चित्र सांगणारी दोन वाक्यं लिहिलीच नाहीत, तर त्या निकषात ५ च्या वर जाणं अवघड. निबंधात प्रश्नाचे दोन भाग असताना एकाचंच उत्तर दिलं, तर सुंदर इंग्रजीही वाचवत नाही. तपासणारा परीक्षक माणूस असतो. क्लासात पाठ करून घेतलेली 'इट इज ॲन अनडिनायेबल फॅक्ट' छापाची वाक्यं त्याने शेकड्याने पाहिलेली असतात.

पीटीईत दोन प्रकार. पहिला, उताऱ्याचा सारांश एकाच वाक्यात, ५ ते ७५ शब्दांत, १० मिनिटांत. मध्ये पूर्णविराम देऊन दोन वाक्यं केली की रचनेचा गुण शून्य. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडली तर व्याकरणाचा गुण जातो. मुख्य विधान, मग 'बिकॉज' किंवा 'व्हिच', मग परिणाम, असं ३५-४५ शब्दांचं वाक्य पुरतं. दुसरा, २० मिनिटांत २०० ते ३०० शब्दांचा निबंध. मर्यादा ओलांडली की रचनेचे गुण घटतात. तपासणी मुख्यतः यंत्राची, पण काही प्रश्नांच्या आशयावर आता माणसाची नजरही असते, त्यामुळे विषय बदलून तोच साचा ओतण्याचे दिवस सरले. ऐकण्याच्या विभागाच्या शेवटी एकेक वाक्य ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं असतं. त्याचे गुण लेखनातही धरले जातात, आणि स्पेलिंग चुकलेला शब्द मोजलाच जात नाही.

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या काही चुका ठरलेल्या असतात. मराठीत 'ॲन' किंवा 'द' नाही, म्हणून ते गळतात. 'विषयाबद्दल चर्चा करणे' डोक्यात असतं, म्हणून 'डिस्कस अबाउट' उतरतं. 'इक्विपमेंट्स', 'इन्फर्मेशन्स' आणि 'वन ऑफ द स्टुडंट' तर घरोघरी. या चुका आयईएल्टीएसमध्ये चारपैकी मुख्यतः एक-दोन निकषांत दुखतात. पीटीईत मात्र रिकाम्या जागा, सारांश, निबंध आणि ऐकून लिहायचं वाक्य असं चार ठिकाणी कापतात.

तेव्हा घरीच एक चाचणी घ्या. ४० मिनिटांत २५० शब्दांचा निबंध लिहा आणि चांगलं इंग्रजी असणाऱ्या कुणाला तरी दोन रंगांनी खुणा करायला सांगा: लाल रंग व्याकरण-स्पेलिंगला, निळा विसकळीत किंवा अर्धवट मुद्द्याला. लाल जास्त असेल तर आमचं मत आयईएल्टीएसकडे झुकेल. निळा जास्त, पण वाक्यं स्वच्छ असतील, तर पीटीई. लांब मजकूर वाचताना लक्ष उडत असेल तरी पीटीईच.

तारीख ठरवताना पुन्हा देण्याची सोयही धरा. पीटीईचा निकाल साधारण दोन दिवसांत येतो, पण एक विभाग घसरला तरी सगळी परीक्षा परत द्यावी लागते. आयईएल्टीएस संगणकावर दिली असेल तर एकच विभाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. तो निकाल सगळीच विद्यापीठं स्वीकारत नाहीत, म्हणून फी भरण्याआधी प्रवेश विभागाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.