मराठी वाहिन्यांचा मासिक संच : पैसे मोजून हाती काय लागते?

फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दररचना लागू झाली आणि केबलच्या किंवा डिशच्या ग्राहकाला प्रत्येक वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे दिसू लागली. टीव्हीच्या दर्जाविषयी आपण एरवी सुस्कारे टाकत जे बोलतो, ते तेव्हापासून बिल समोर ठेवून बोलता येते. केबलचालकांकडे ‘मराठी पॅक’ या नावाने जो मनोरंजन आणि वृत्तवाहिन्यांचा संच मिळतो, त्याचे हे परीक्षण ग्राहक म्हणूनच केलेले आहे. मूळ जोडणीचे १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि वर सशुल्क वाहिन्यांचे पैसे असा हिशेब सुरुवातीला होता. पुढे नियम अनेकदा बदलले आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार संचात घालता येणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १९ रुपये ठरली. रक्कम फार मोठी नाही, हे आधीच मान्य करतो. प्रश्न मालाचा आहे.

रात्री आठच्या सुमारासची कोणतीही लोकप्रिय मालिका घ्यावी. अलीकडे पाहिलेल्या एका भागात सुनेला कपाटात रुग्णालयाचा एक अहवाल सापडतो, एवढीच घटना होती. आधी कालच्या प्रसंगांची उजळणी झाली, मग शीर्षकगीत, मग जाहिराती. त्यानंतर सुनेचा चेहरा, दारात उभ्या असलेल्या सासूचा चेहरा, जिन्यावर थबकलेल्या नणंदेचा चेहरा आणि पुन्हा सुनेचा चेहरा, प्रत्येक वेळी कॅमेऱ्याचा झटका आणि पार्श्वसंगीताचा दणका. अहवालात काय लिहिले आहे हे भाग संपेपर्यंत कोणी वाचले नाही आणि ‘पुढील भागात’ म्हणून दाखवलेल्या झलकेतही त्या अहवालाची घडी मोडलेली नव्हती. घरातल्या बायका पहाटेपासून भरजरी साड्यांत, ओट्यावर कढई आहे पण खाली गॅस पेटलेला नाही, आणि एवढ्या मोठ्या बंगल्याचा खर्च कोण कोणत्या नोकरीतून भागवतो, याचा थांगपत्ता लागत नाही. नट-नट्या मात्र वाईट नाहीत. त्यांपैकी कित्येक जण नाटकांतून, एकांकिका स्पर्धांतून आलेले आहेत आणि संधी मिळेल तिथे एखादे वाक्य असे टाकतात की आपण चटकन सावरून बसतो.

म्हणजे घसरण गुणवत्तेच्या दुष्काळामुळे झालेली नाही, ती लांबीच्या हव्यासातून झाली आहे. ‘अल्फा मराठी’ (आताची ‘झी मराठी’) १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या ‘आभाळमाया’तील सुधा जोशीचा संसार कडेला लागतो की नाही, ही उत्सुकता गोष्टीतून येत होती. २००१ साली आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिप्रे’ आठवड्यातून एकदा दिसत असे, आणि आजोबा, मुलगा, सून, नातवंडे एवढ्या माणसांत एक छोटा प्रश्न उभा राहून त्याच भागात मिटत असे. त्याच वर्षी दुसऱ्या वाहिनीवर ‘चार दिवस सासूचे’ सुरू झाली आणि ती २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. पुढच्या धंद्याने धडा घेतला तो या दुसऱ्या मालिकेचा. आता आठवड्याचे सहा दिवस भाग, रविवारी ‘महाएपिसोड’, अधूनमधून दोन मालिकांचा ‘महासंगम’, आणि या रतीबासाठी आज लिहिलेला प्रसंग काही दिवसांत चित्रित होऊन प्रसारित व्हायला हवा, अशी लेखकाची अवस्था. सणही त्यातच कामाला जुंपले जातात : वटपौर्णिमा, मंगळागौर, हळदीकुंकू, डोहाळजेवण यांपैकी एकेका समारंभावर आठवडा निघतो आणि गोष्ट होती तिथेच राहते. त्यातच गेल्या काही वर्षांतल्या गाजलेल्या मालिकांपैकी बऱ्याच मुळात बंगाली, तमिळ किंवा मल्याळम मालिकांवरून घेतलेल्या आहेत. ‘आई कुठे काय करते’ बंगालीवरून आणि ‘ठरलं तर मग’ तमिळवरून आली. रूपांतराला माझा विरोध नाही, मराठी रंगभूमी रूपांतरांवर पोसली गेली आहे. परंतु रंगभूमीवर रूपांतर करणारा माणूस पात्राला आपल्या गावात आणून बसवत असे, इथे नावे आणि नथ बदलली की काम झाले असे समजले जाते.

जाहिरातींचाही हिशेब मांडायला हवा. केबल नियमांनुसार ताशी १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिरात दाखवता येत नाही, त्यांतली १० व्यापारी आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांची. पण नायिकाच स्वयंपाकघरात मसाल्याचे पाकीट कॅमेऱ्याकडे वळवून सासूला त्याचे गुण सांगते, तेव्हा ती मिनिटे कोणत्या खात्यात धरायची? पैसे देणाऱ्या प्रेक्षकाला जाहिरात दोनदा पाहावी लागते, एकदा विश्रांतीत आणि एकदा कथेत.

संचातली सुखद गोष्ट म्हणजे ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. तिथे प्रहसन सुरू होते, चढते आणि संपते, इतकी साधी गोष्टही आता अपूर्वाईची वाटते. प्रत्येक विनोदानंतर परीक्षकांचे हसणे दाखवण्याची हौस आवरली, तर ती आणखी रंगेल.

वृत्तवाहिन्यांकडे वळल्यावर ध्यानात येते की त्यांनी मालिकांचेच तंत्र उचलले आहे. तेच ढोल-ताशांचे पार्श्वसंगीत, तोच चेहऱ्यांचा खेळ, तेच ‘ब्रेकनंतर पाहा’ आणि तीच लांबण. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी एक वार्ताहर घोट्याएवढ्या पाण्यात छत्री सांभाळत उभा होता आणि ‘आपण पाहू शकता’ असे म्हणून जे आपल्याला दिसतच होते तेच सांगत होता. धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, खालच्या कोणत्या गावांना इशारा दिला आहे, कोणता पूल वाहतुकीला बंद केला आहे, यांपैकी एकही प्रश्न स्टुडिओतून विचारला गेला नाही; ‘धन्यवाद दिलेल्या माहितीबद्दल’ म्हणून निवेदिका पुढच्या ‘सर्वांत मोठ्या बातमी’कडे गेली. ती बातमी एका नेत्याने दुसऱ्याविषयी सकाळी काढलेल्या उद्गारांची होती. दुपारी तिसऱ्याने त्यावर दिलेले उत्तर आणि रात्री चौघांनी मिळून त्यावर घातलेला वाद, असा तिचा दिवसभराचा संसार चालला. वादात कोणाचेही वाक्य पूर्ण झाले नाही.

यामागचे अर्थकारण सरळ आहे. बहुतेक मराठी वृत्तवाहिन्या विनाशुल्क किंवा नाममात्र दरात मिळतात, म्हणून त्यांचा खरा ग्राहक जाहिरातदार असतो आणि आपण त्याला विकला जाणारा माल असतो. गडचिरोलीतल्या आरोग्य केंद्राची अवस्था दाखवायची तर गाडी, कॅमेरा, माणूस आणि दोन दिवस लागतात. चार प्रवक्त्यांना व्हिडिओ कॉलवर जोडायला जवळजवळ काहीच लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीमागे मानधन मिळणाऱ्या स्ट्रिंगरवर कारभार चालतो आणि त्याने पाठवलेली पाणीपुरवठ्याची बातमी ‘शंभर बातम्या सुपरफास्ट’च्या गर्दीत काही सेकंदांत धावून जाते. लासलगावचा कांदा लिलाव बंद पडला की पडद्यावर येतो, चालू असताना भाव का कोसळला हे सांगायला कोणी जात नाही. या सगळ्याचे खापर टीआरपीवर फोडण्याची पद्धत आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपी घोटाळ्याचा तपास सुरू झाल्यावर प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणे थांबवले आणि ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू केले. मधल्या सुमारे दीड वर्षात आकडे नव्हते, तरी आवाज काही खाली आला नाही. सवय मुरलेली होती.

तुलनेसाठी दूरदर्शनच्या ‘सह्याद्री’वरच्या सायंकाळी सातच्या बातम्या पाहिल्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि प्रदीप भिडे, अनंत भावे यांच्या पिढीने बातमी वाचण्याची जी शांत रीत घालून दिली, तिचा अंश तिथे अजून शिल्लक आहे. वाक्ये पूर्ण होतात, आकडे दोनदा तपासलेले वाटतात, आणि बातमीपत्र वेळेवर संपते. सरकारी योजनांची उद्घाटने मात्र इतकी असतात की मन विटते, आणि मंत्र्याला अडचणीत आणणारा प्रश्न त्या पडद्यावर येईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तरीही पूर आला असताना खासगी वाहिन्यांपेक्षा मला तेच बातमीपत्र उपयोगी पडले.

तेव्हा ग्राहकाने करायचे काय? पूर्ण संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या केबलचालकाने ‘सुट्या वाहिन्या घेतल्या तर महाग पडेल’ असे सांगून संचच गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. मराठीसोबत घरात कोणी न पाहणाऱ्या हिंदी आणि कार्टूनच्या वाहिन्या त्यात होत्या. सुट्या वाहिन्या निवडण्याचा हक्क नियमाने दिलेला आहे, तो मागून घ्यावा लागतो. दोन मनोरंजन वाहिन्या ठेवून बाकीच्या काढल्यावर आमचे बिल कमी झाले आणि पाहण्यासारखे काहीही बुडाले नाही. ‘सह्याद्री’ प्रत्येक केबलचालकाला दाखवावीच लागते, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. वृत्तवाहिन्यांपैकी एक ठेवली आहे, ती निवडणुकीच्या निकालाच्या दिवसापुरती. त्या दिवशी आकडे भराभर हवे असतात आणि ते काम या वाहिन्या आजही चोख करतात.