मामांच्या आरडीचं इंजिन

मामांच्या आरडी मोटरसायकलच्या इंजिनात डाव्या सिलेंडरची खालून तिसरी फिन, म्हणजे इंजिन थंड ठेवणारी बाहेरची पात्यासारखी कड, तुटलेली होती. १९८९ च्या पावसाळ्यात गंगाखेडहून येताना मामा चिखलात गाडीसकट आडवे झाले, तेव्हा दगडावर आपटून तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा उडाला. मामांनी सिलेंडर कधी बदललं नाही. शाळकरी वयापासून मला ती तुटकी कड बोटाने चाचपायची सवय. ती सवय नसती तर माझी फसवणूक झालीय हे मला अजूनही कळलं नसतं.

मामा परभणीच्या कृषी विद्यापीठात नोकरीला होते. १९८४ मध्ये त्यांनी राजदूत ३५० घेतली. म्हणजे यामाहाची आरडी ३५०, एस्कॉर्ट्सने इथे बनवलेली. ३४७ सीसी, दोन सिलेंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीच्या गाड्या ३०.५ हॉर्सपॉवरच्या, त्यांना हाय टॉर्क म्हणतात. पुढे मायलेजसाठी ताकद कमी करून २७ वर आणली, ती लो टॉर्क. मामांची हाय टॉर्क होती. त्या काळात पेट्रोल पिते आणि पार्ट महाग म्हणून लोकांनी या गाड्या मिळेल त्या किमतीला काढून टाकल्या. आज कागदपत्रांसकट धड उभी असलेली आरडी काही लाखांना जाते. पार्ट चोरणाऱ्यांची नजर या गाड्यांवर का असते, ते यावरून लक्षात यावं.

मामा गेल्यावर गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. काही वर्षांपूर्वी मामी म्हणाल्या, "भाऊ, तूच ने तिला. इथं उंदरं वायर खायलेत." मी गाडी घरी आणली. पहिलं दीड वर्ष फार सुखाचं गेलं. शाळा सुटली की अंगणात बसायचं. टाकीतला गंज काढला, फ्रेम खरवडून रंगवली, वायरिंग नव्याने ओढलं, चाकांचे स्पोक बदलून घेतले. यातलं काहीच घाईने केलं नाही आणि यात मला कोणी फसवलंही नाही, कारण सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत होतं.

अडलं ते क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या वरखाली हालचालीने फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्यावर. आरडीचा क्रँक अखंड नसतो, प्रेसने दाबून जोडलेला असतो. बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड बदलायचा तर तो प्रेसवर उघडावा लागतो, आणि परत जोडल्यावर मापाचा डायल लावून सरळ करावा लागतो. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी स्पष्ट सांगितलं होतं, "सर, बोर-पिस्टन मी करतो. क्रँकसाठी माझ्याकडं प्रेस बी नाही आन डायल बी नाही. वाळूज एमआयडीसीत कोणाची ओळख काढा, पण स्वतः थांबून करून घ्या." त्यांचं ऐकायला हवं होतं.

मी ऐकलं एका व्हिडिओवाल्याचं. पाचशे किलोमीटरवरच्या एका शहरातला तो माणूस आरडीचे चकचकीत व्हिडिओ टाकायचा. फोनवर दीड तास बोलला. रीड व्हॉल्व्ह, पोर्ट, सगळं तोंडपाठ. मामांची आठवण काढली तर म्हणाला, "सर, ही गाडी नाही, तुमचा वारसा आहे. अख्खं इंजिन पाठवा, सुटे पार्ट नको." या शेवटच्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. क्रँकचं काम करायला पूर्ण इंजिन कशाला लागतं? पण तेव्हा माझे डोळे भरून आले होते. चाळीस हजार ॲडव्हान्स पाठवला आणि इंजिन खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकलं.

दीड महिन्यात होईल म्हणाला होता, सात महिने लागले. दर महिन्याला नवीन कारण आणि नवीन रक्कम. जपानचे पिस्टन आलेत, तीस हजार पाठवा. ऑइल सील कस्टममध्ये अडकले, बारा हजार पाठवा. सोबत यामाहाच्या पाकिटांचे फोटो यायचे. पाकिटं छापून मिळतात हे मला माहीत नव्हतं. एकदा व्हिडिओ कॉलवर इंजिन दाखवलं, तर मी फिन दाखवा म्हणालो. "रेंज नाही सर" म्हणून फोन बंद. मी त्या दिवशी स्वतःलाच समजावलं की खेड्यापाड्यात रेंज जातेच. एकूण एक लाख दहा हजार गेले.

इंजिन आलं तेव्हा काळ्या रंगाने नवं दिसत होतं. मी सवयीने बोट फिरवलं, तर डाव्या सिलेंडरच्या सगळ्या फिन शाबूत. फोन केला. म्हणाला, वेल्डिंग करून भरून दिली, त्याचे पैसेसुद्धा लावले नाहीत. मी आभार मानले. हे लिहिताना अजूनही छातीत कळ येते.

ऑइल पंपही जागेवर नव्हता. आरडीला टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने जातं. तिथे पत्र्याची चकती ठोकली होती आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा असा सल्ला होता. काहीजण खरोखर तसं करतात, म्हणून तेही मी मान्य केलं. जिंतूर रोडवर साठेक किलोमीटर चालल्यावर डावं सिलेंडर जाम झालं. गाडी ढकलत आणली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. आरडीचा मूळ बोर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भोकाचा व्यास, ६४ मिलिमीटर; झिजला की तो थोडाथोडा मोठा करतात. इंजिन पाठवण्याआधी त्यांनीच मापून वहीत ६४.२५ लिहून ठेवला होता, म्हणजे पहिलाच बोर. आता माप आलं ६५, म्हणजे शेवटचा बोर, पुढे मोठा करायला जागाच नाही. क्रँकचे रॉड हाताने हलत होते. क्रँकच्या डाव्या बाजूचं सील कडक होऊन चिरलेलं होतं. तिथून हवा ओढली जात होती, पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून पिस्टन तापून चिकटला. "सर, हे इंजिन तुमचं न्हाई," मिस्त्री म्हणाले.

इंजिनावरचा नंबर तर जुळत होता. मग मामींनी ट्रंकेतून गाडीची जुनी फाइल काढून दिली. मामांनी १९९९ मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी वाढवून घेतली होती. तेव्हा चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने घासलेल्या छापांची एक जादा प्रत त्यांनी जपून ठेवली होती. ती आणि आताची छाप शेजारी ठेवली. आकडे तेच, पण चारची मांडी वेगळी, सातची मान वेगळी, ओळ उजवीकडे चढलेली. नंबराखालचं अॅल्युमिनियम ग्राइंडरने घासलेलं. क्रँककेस, म्हणजे क्रँक बसतो ते बाहेरचं कवच, तीसुद्धा दुसऱ्याची, तिला आतून भेगेवर वेल्डिंग, आणि वरून मामांचा नंबर ठोकलेला.

पैशांपेक्षा हे मोठं नुकसान आहे. गाडी मामींच्या नावावर करून नव्याने नोंदणी करायची होती. आता त्या इंजिनासह गाडी आरटीओत नेली आणि निरीक्षकाने ठोकलेला नंबर ओळखला, तर सत्तरीच्या मामींना उत्तर द्यावं लागेल की हे इंजिन कुठून आलं. त्या व्हिडिओवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "व्हिंटेजमध्ये टाका, कोणी बघत नाही." तेही खोटं. व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि तिथेही नंबर तपासतातच. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

पोलिसांत अर्ज दिलाय. विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर लाटणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये येतं, फसवणूक ३१८ मध्ये. माझ्या अर्जात दोन्ही आहेत. ग्राहक आयोगात तक्रारही केली. ती परभणीतूनच करता येते, समोरच्याच्या शहरात जावं लागत नाही. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकिलांनी पहिला प्रश्न विचारला तो पावतीचा. माझ्याकडे यूपीआयचे व्यवहार आहेत, चॅट आहे, पण "इंजिन मिळालं, अमुक नंबरचं, अमुक अवस्थेत" असं त्याच्या हातचं एक अक्षर नाही. ट्रॅव्हल्सच्या पावतीवर नुसतं "मशिन पार्ट १ नग" लिहिलंय.

म्हणून कळकळीने सांगतो, इंजिन घरातून निघण्याआधी नंबरची पेन्सिल छाप घ्या, आजच घ्या, गाडी चालू असली तरी घ्या. सिलेंडर, हेड, क्रँककेस यांच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी पंचाने स्वतःची खूण करा आणि तिचे फोटो काढा. बोरचं माप मिस्त्रीकडून लिहून घ्या. मला त्या वहीतल्या एका ओळीने वाचवलं. क्रँक पाठवायचा तर फक्त क्रँक पाठवा. जुने काढलेले पार्ट परत मागा, आणि देत नसेल तर काम देऊ नका. आणि जमत असेल तर मिस्त्री म्हणाले तेच करा, रजा टाका आणि प्रेसशेजारी उभे राहा.

फ्रेम, टाकी, चाकं अंगणात ताडपत्रीखाली आहेत. मामी आल्या की ताडपत्री उचलून बघतात आणि काही न विचारता चहाला आत जातात.

कोणी गेल्या वर्षभरात हाय टॉर्क आरडीचं इंजिन किंवा सुटं सिलेंडर विकत घेतलं असेल, तर एवढं करा. डाव्या सिलेंडरची खालून तिसरी फिन बघा. तुटलेली असेल, किंवा तिथे वेल्डिंग घासून भरल्यासारखं वाटलं, तर इथे कळवा. तुम्ही पैसे मोजून घेतलंय, तुमच्यावर माझा राग नाही. फक्त मामांचं सिलेंडर कुठे आहे ते मला कळू द्या.